पुणे ते जयपूर : चार महिने आणि दोन तास

जवाहर नगरातील एखाद्या घरी सकाळी पुण्याहून दूरध्वनी येतो आणि रात्रीच्या पानाला पाहुणा हजर असतो. पुणे-जयपूर हे आकाशमार्गाचे अंतर सुमारे ९३५ किलोमीटर. विमानास सुमारे दोन तास पुरतात. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या वाटेवरील पूर्वीच्या मराठी माणसांचे स्मरण करणे उचित ठरेल.

बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई फेब्रुवारी १७३५ मध्ये पुण्याहून उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या. बऱ्हाणपूर, उदेपूर, नाथद्वारा करीत जयपुरास पोहोचेतो जून उजाडला. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेले हे नगर तेव्हा अवघे आठ वर्षांचे होते. जयसिंहांनी त्यांचा मोठा सन्मान केला. त्यामागे मराठ्यांशी सलोखा राखण्याचे राजकारण होतेच. तथापि पेशव्यांच्या आईला परमुलखात निर्भयपणे राहता आले, हेही तितकेच खरे.

पुढे याच वाटेने फौजा आल्या. खंडणीच्या थकबाकीसाठी मल्हारराव होळकर चालून येत असता डिसेंबर १७५० मध्ये महाराजा ईश्वरीसिंहांनी विष घेऊन प्राण दिला. त्यानंतर जानेवारी १७५१ मध्ये, नवे शहर पाहावयास आत शिरलेल्या हजारो मराठ्यांची जयपुरात कत्तल झाली. ज्या नगराने पंधरा वर्षांपूर्वी राधाबाईंचे स्वागत केले, त्याच नगराची दारे मराठ्यांवर बंद झाली. पुण्याचे अंतर तेवढेच होते. मनांमधील अंतर मात्र अपार वाढले होते.

आगगाडीने महिन्यांचे दिवस केले. तरीही आपले मंडळ स्थापन झाले त्या काळी पुणेकरास आधी मुंबई गाठावी लागे. तेथून रुंद मार्गाच्या गाडीने सवाई माधोपूर आणि तेथे सामान उतरवून मीटरमापी गाडीने जयपूर. फलाटावर ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळीत बसलेली कुटुंबे आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असतील. १९९० नंतरच्या दशकात रुंदीकरण झाले आणि हा बदल संपला. आज मुंबईहून निघालेली गाडी सुमारे साडेअकराशे किलोमीटर तोडून सतरा-अठरा तासांत थेट जयपुरास पोहोचते.

चार महिन्यांचे दोन तास यंत्राने केले. मनांमधील अंतर तोडण्याचे काम मात्र यंत्राच्या आवाक्यातले नाही. ते येथे राहून, गणेशोत्सवात शेजाऱ्यास आरतीला बोलावून आणि त्याच्या तीजेला व गणगौरीला आपण जाऊन होते. या नगरात मराठी माणूस फौजेबरोबर आला, तसा पाहुणा म्हणूनही आला. पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने राधाबाईंची वाट धरली आहे. पुढील पिढीने, विमानाने ये-जा करतानाही, तीच वाट चालावी.