अक्षरें तींच, कूळ निराळें

भीमातीरीं कोरेगांव येथें जो जयस्तंभ उभा आहे, त्याजवर इंग्रजी व मराठी असे दोन्ही भाषांतील लेख आहेत. १८१८ च्या १ जानेवारीस येथें कंपनीच्या पलटणीनें पेशव्यांच्या फौजेशीं झुंज दिली. तींत महार शिपाई पुष्कळ होते. १९२७ सालीं त्याच दिवशीं डॉ. भीमराव आंबेडकर येथें आले. यास्तव गांवाच्या नांवांतील ‘भीमा’ त्यांचाच, असें नवख्यास वाटावें. परंतु ही भीमा नदी, ‘भीमा!’ ही पुरुषास घातलेली हांक. मूळ विशेषण एकच. पण एक स्त्रीलिंगी नाम, दुसरें संबोधन. नदी तर ६३४ च्या ऐहोळे शिलालेखांतही ‘भैमरथी’ ह्या रूपानें आढळते.

कित्येकदां मूळही एक नसतें. इंग्रजी ‘पेन’ म्हणजे वेदना. फ्रेंच भाषेंत त्याच अक्षरांनीं लिहिलेला शब्द भाकरीचा वाचक. पहिला लॅटिन ‘पोएना’पासून, म्हणजे दंडापासून, दुसरा ‘पानिस’पासून. ह्या ‘पानिस’चाच वंशज पोर्तुगीजांबरोबर आमच्याकडे आला आणि संस्कृत ‘पाद’पासून झालेल्या ‘पाव’ शब्दाशेजारीं बसला. ‘पावशेर पाव’ म्हणतांना दोन कुळें एका पंक्तीस बसतात, हें आमच्या ध्यानींही येत नाहीं.

तात्पर्य, रूप हा पुरावा नव्हे. वाट पाहावी लागते. स्तंभाचेंही तसेंच. कंपनीनें तो स्वतःच्या जयासाठीं उभारला. आज तेथें जमणारा समाज त्यांत आपल्या पूर्वजांचें शौर्य व स्वाभिमान वाचतो. शिळेवरील अक्षरें तींच. अर्थाचें कूळ मात्र निराळें.