बीदरच्या मदरशातील ग्रीक विद्या

एखादी गोष्ट मनापासून आवडली की आपण तिला 'अफलातून' म्हणतो. हा शब्द म्हणजे अथेन्सच्या प्लेटोचे नाव होय. अरबीत 'प' नाही. म्हणून प्लेटोचा अफलातून झाला, ॲरिस्टॉटलचा अरस्तू, आणि फारसीच्या वाटेने दोघेही दख्खनेत उतरले. ग्रीकांचा विषय निघाला की आपणांस सिकंदर आठवतो. पण सिकंदर इकडे आलाच नाही. आली ती ग्रंथविद्या, तीही बगदाद व इराण असा अनेक शतकांचा वळसा घेऊन.

गुलबर्ग्याचा फिरोजशाह बहमनी (1397–1422) आठवड्यातील शनिवार, सोमवार व गुरुवार स्वतः शिकविण्यात घालवी, असे फिरिश्ता सांगतो. त्याच्या पाठांत युक्लिडची भूमिती असे. 1407 मध्ये त्याने दौलताबादेजवळ वेधशाळा बांधावयास घेतली, परंतु हकीम हसन गीलानीच्या मृत्यूमुळे ती अपुरी राहिली. विजयनगरावरील त्याच्या स्वाऱ्यांपेक्षा हे अपुरे बांधकाम मला अधिक मोलाचे वाटते.

पुढे राजधानी बीदरला आली, आणि 1472 मध्ये वजीर महमूद गावानने तेथे तीन मजली मदरसा उभारला. गावान मूळचा इराणातील गीलानचा. 1453 च्या सुमारास व्यापारी म्हणून तो बीदरला आला होता. मदरशाच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. इराणातील विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. जलालुद्दीन दवानी या तत्त्वज्ञाने आपला एक ग्रंथ त्यालाच अर्पण केला. दवानीचे नीतिशास्त्र थेट ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले. राजा हा समाजाचा वैद्य, आणि शरीरात जसे दोषांचे साम्य तसा राज्यात न्याय, अशी ती शिकवण.

येथेच एक उणीव ध्यानात घेतली पाहिजे. ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र अरबीत उतरले. त्याचे 'राज्यशास्त्र' मात्र त्या काळी उतरले नाही. नागरिकांची सभा, मतदान, आळीपाळीने अधिकार, हा अथेन्सचा व्यवहार वाटेतच गळाला. (त्या सभेत स्त्रियांना व गुलामांना स्थान नव्हते, हेही विसरू नये.) बीदरला पोहोचला तो आदर्श राजा. पण वैद्यच चुकला तर रोग्याने दाद कोठे मागावी?

गावानने चार प्रांतांचे आठ केले आणि प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. सरदार दुखावले. त्यांनी त्याच्या मोहोरेचा कागद मिळवून ओरिसाच्या राजाला लिहिलेले बनावट पत्र सुलतानापुढे ठेवले. मोहोर माझी, मजकूर माझा नव्हे, असे गावान म्हणाला. चौकशी झाली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी तिसऱ्या मुहम्मदशाहाच्या आज्ञेने सत्तरी ओलांडलेल्या या वजिराचा वध झाला.

इ. स. पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसलाही अन्यायानेच मृत्युदंड मिळाला. तथापि सुमारे पाचशे पंचांसमोर त्याला आपली बाजू मांडता आली. तीस मते फिरली असती तर तो सुटता, अशी नोंद प्लेटोने ठेवली आहे. गावानच्या बाबतीत फिरावयाचे होते ते एकच मत, आणि ते फिरले उशिरा. सुलतानाला पश्चात्ताप झाला. 1482 मध्ये तोही वारला, आणि तरफदार एकेक करून स्वतंत्र झाले.