रक्त गाळायचं असतं का हो?

परवा जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात एक ताई भेटल्या. मुलाला थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्त फुकट मिळतं, पण हातात चिठ्ठी होती : फिल्टर बाहेरून आणा. "दादा, रक्त गाळायचं असतं का हो? चहासारखं?" मला तेव्हा धड सांगता आलं नाही. नंतर वाचलं, ते लिहितोय.

हो ताई, गाळायचं असतं. आपण दिलेल्या एका पिशवीत लाल पेशींबरोबर साधारण शंभर कोटी पांढऱ्या पेशी जातात. आपल्या अंगात त्या राखणदार, दुसऱ्याच्या अंगात परक्या. रुग्णाचं शरीर त्यांच्याविरुद्ध तयारी करतं आणि पुढच्या वेळी थंडी वाजून ताप. वारंवार रक्त लागणाऱ्यांना हा त्रास जास्त. 1957 मध्ये अमेरिकेत ब्रिटिंगहॅम आणि चॅप्लिन या डॉक्टरांनी या तापामागे दात्याच्या पांढऱ्या पेशी असल्याचं दाखवलं.

गाळण्याची कल्पना त्याहून जुनी. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगनं 1926 मध्येच कापसातून रक्त गाळून पांढऱ्या पेशी काढल्या होत्या. पण प्रयोगशाळेतल्या कामासाठी, रुग्णासाठी नाही.

रुग्णासाठीच्या गाळणीत एक मोठं नाव डेव्हिड पॉल यांचं. मॅनहॅटन प्रकल्पात युरेनियमसाठी गाळण्या बनवणारा हा रसायनशास्त्रज्ञ. 1959 मध्ये त्यांची पत्नी अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमियानं गेली. या आजारात रक्त पुन्हा पुन्हा चढवावं लागतं. पुढे पॉल रक्ताच्या गाळण्यांकडे वळले. अणुबॉम्बच्या कामातला माणूस रक्ताच्या पिशवीपर्यंत आला तो असा. आज चांगल्या फिल्टरनंतर पिशवीत पन्नास लाखांहून कमी पांढऱ्या पेशी उरतात.

तरी हे सगळं ठरावीक रुग्णांपुरतंच होतं. अख्ख्या देशाचं रक्त गाळायला लावलं ते गायींच्या रोगानं!

मार्च 1996 मध्ये ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की माणसांत दिसलेला मेंदूचा नवा आजार बहुधा 'मॅड काऊ'शी जोडलेला आहे. मग प्रश्न आला, हा रोग रक्तातून पसरत असेल तर? रक्त तपासायची चाचणी नव्हती. पसरतो याचा पुरावाही नव्हता. संशय पांढऱ्या पेशींवर होता. जुलै 1998 मध्ये सरकारनं ठरवलं, सगळंच रक्त गाळायचं. 1999 च्या अखेरीस ते अमलात आलं.

पुरावा आला तो डिसेंबर 2003 मध्ये. रक्तातून हा आजार झाल्याचा पहिला संशयित रुग्ण जाहीर झाला. पुढे असे एकूण चार सापडले, तिघे आजारी पडले, चौथ्यात संसर्ग दिसला. चौघांनाही गाळणी सुरू होण्याआधीचं रक्त मिळालं होतं. आता सगळं श्रेय गाळणीला देता येणार नाही. हॅमस्टरवरच्या प्रयोगात गाळून संसर्ग 42 टक्केच कमी झाला होता. पण पुराव्याची वाट बघत बसले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. फ्रान्स आणि कॅनडानंही त्याच सुमारास सगळं रक्त गाळायला घेतलं.

आपल्याकडे देशभर अशी सक्ती नाही. मोठ्या शहरांतल्या काही रक्तपेढ्या रक्त साठवण्याआधीच गाळतात. तीच खरी पद्धत, कारण साठवणीत पांढऱ्या पेशी ताप आणणारे पदार्थ सोडतात. खाटेजवळ लावलेला फिल्टर ते अडवू शकत नाही. आमच्यासारख्या गावांत मात्र खाटेजवळचा फिल्टर मिळाला तरी नशीब. म्हणजे फुकट रक्ताची किंमत अशी मेडिकलच्या काउंटरवर मोजायची.

त्या ताईंना फिल्टर तिसऱ्या दुकानात मिळाला, संध्याकाळी. पोरगं तोवर बाकावर झोपलं होतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे.