शांततेच्या मुळाशी ऊन

शांतता आणि गारवा सगळ्याच भाषांत जोडलेले असतात, असं मी टिपणात ठोकून दिलं होतं. आपल्याकडे डोळे निवतात, डोकं थंड ठेवतात. आणखी पुरावा कशाला? मग इंग्रजीतल्या 'काम'ची व्युत्पत्ती बघितली (आपल्या कामाशी संबंध नाही, त्यातला 'एल' मुका आहे) आणि वाक्य खोडावं लागलं.

ग्रीकमध्ये 'काउमा' म्हणजे भाजून काढणारी उष्णता. कॉस्टिक सोड्यातला 'कॉस्टिक' त्याच 'जाळणे' धातूतला. जेरोमच्या लॅटिन बायबलातही 'काउमा' उष्णतेच्याच अर्थाने येतो. मग दुपारचं ऊन, त्या वेळची विश्रांती, वारा पडलेला समुद्र असा अर्थ सरकत गेला आणि शब्द इटालियन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचला. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीत आजही शून्य म्हणजे 'काम'.

एक सांधा मात्र कच्चा आहे. 'काउमा'तल्या 'उ'च्या जागी 'ल' कुठून आला? 'तापलेलं असणे' या अर्थाच्या लॅटिन 'कालेरे'चा परिणाम असावा, असा तर्क आहे. तुमच्या प्रबंधातही तो तर्क म्हणूनच लिहा. मी पहिल्या खर्ड्यात तो बिनधास्त तथ्य म्हणून लिहिला होता.

आपला 'शांत' तरी सरळ असेल म्हटलं, तर तेही नाही. 'शम्' धातूला वैदिक भाषेत राबणे, थकणे हाही अर्थ आहे. आणि यज्ञात पशूला मारणारा तो 'शमितृ', म्हणजे शांत करणारा. 'पहाटे ते शांत झाले' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. कोशात हा शमितृ भेटेपर्यंत ते कधी खटकलं नव्हतं.