नजराणा आणि जामीन

वरकुट्याच्या माणसाला उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे फारसे अप्रूप उरलेले नाही. परंतु पुणे जिल्ह्यातून टोकियोस गेलेला संगणक-अभियंता रविवारी समुद्रकाठच्या कासाई रिंकाई उद्यानात पाणपक्षी न्याहाळीत उभा राहतो, तेव्हा त्याला उजनीकाठचे भिगवण आठवल्यावाचून राहत नसावे. 2000 साल उजाडताच संगणकांच्या तारखा कोलमडतील या धास्तीने जपानी कंपन्यांनी हिंदुस्थानी अभियंते बोलाविले, आणि ओतेमाचीच्या पेढ्या-कचेऱ्यांशी तोझाई रेल्वेमार्गाने थेट जोडलेल्या निशि-कासाईत, म्हणजे एदोगावा प्रभागात, त्यांतील अनेकांनी मुक्काम ठोकला.

घर मिळणे मात्र दुर्घट. घरमालकास ‘रेइकिन’ नावाची, कधीही परत न मिळणारी कृतज्ञतेची रक्कम द्यावयाची (आपल्या जुन्या दफ्तरांत तिला सरळ नजराणाच म्हटले असते) आणि वर जामीनही हजर करावयाचा; नवख्या परदेशीयास तो कोठून मिळणार? हे दोन्ही न मागणाऱ्या सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारतींकडे या अभियंत्यांची कुटुंबे वळली, ती यामुळेच.

आठवडाभर जळाऊ नि बिनजळाऊ कचऱ्याचे वार सांभाळावयाचे आणि सुटीला, 1989 साली खुल्या झालेल्या त्या उद्यानात, 117 मीटर उंचीच्या आकाशपाळण्याखाली शिदोरी सोडावयाची, असा क्रम पडला. याच हिंदुस्थानी वस्तीतले, 1997 साली विद्यार्थी म्हणून जपानास गेलेले योगेंद्र पुराणिक 2019च्या एप्रिलात याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले. त्याआधी त्यांनी जपानी नागरिकत्व पत्करले होते, कारण परदेशीयास तेथे मताचाही अधिकार नाही.