गाडी कुणाच्या मापाची?

उसाची बिलं जमा व्हायला लागली की आपल्या गटांत कर्जाच्या मागण्या वाढतात. पूर्वी म्हैस, शिलाई मशीन, पोरीचं शिक्षण असं काहीबाही असायचं. आता दर दोन-तीन बैठकांमागं एक अर्ज गाडीचा असतोच. अर्जात शब्द एकच, ‘दुचाकी’. कसली दुचाकी, कशाला, आणि चालवणार कोण, हे लिहायला त्या कागदावर जागाच नसते. मग गाडी दारात येते, हार-नारळ होतो आणि महिन्याभरात कळतं की हप्ता ताई भरतात आणि गाडी फिरवतो भलताच कुणी. किंवा गाडी एवढी जड असते, की ताईंना ती उंबऱ्यापुढनं हलवताही येत नाही.

म्हणून आज मी गाड्यांचा इतिहास सांगणार आहे. बी.ए.ला मला इतिहास होता, पण त्यात लढाया आणि तह होते, स्कूटर नव्हती. स्कूटरचाही इतिहास असतो आणि तो माहीत असला की शोरूममध्ये कुणी आपल्याला सहज गुंडाळत नाही. प्रत्येक गाडी बनवताना कुणीतरी एक माणूस डोळ्यापुढं धरलेला असतो. तो माणूस कोण होता, एवढं आपण शोधायचं.

सुरुवात इटलीपासून करू. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथला पियाज्यो नावाचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत मोडून पडला होता. विमानांना गिऱ्हाईक नव्हतं आणि लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. कारखान्याच्या मालकानं हे काम कोरादिनो दास्कानिओ या विमानाच्या इंजिनिअरला दिलं. गंमत म्हणजे या माणसाला मोटारसायकल आवडतच नव्हती. तेलानं कपडे खराब होतात, चाक बदलायला जीव जातो आणि बसायला टांग टाकावी लागते, अशा त्याच्या तक्रारी. मग त्यानं इंजिन मागं नेऊन पत्र्यानं झाकलं, पुढं वारा-चिखल अडवायला पत्रा लावला, पाय ठेवायला सपाट जागा केली आणि गेअर पायातून काढून हातात दिला. 1946 साली ही गाडी बाजारात आली. तीच व्हेस्पा. मधे दांडा नसल्यामुळं झगा घातलेल्या बाईला ती टांग न टाकता चालवता यायची, आणि तसा विचार करूनच ती बनवली होती.

झग्याला चालते ती साडीला चालणारच. हीच गाडी आपल्याकडं बजाजची स्कूटर म्हणून आली. पियाज्योशी करार करून बजाज कंपनी व्हेस्पा बनवत होती. 1971 साली तो करार संपला आणि 1972 पासून पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यात त्याच बांध्याची ‘चेतक’ निघू लागली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. पुढं आपल्या शेजारच्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स हा कारखाना उभा राहिला आणि तिथं ‘प्रिया’ बनायची. जुन्या लोकांना आठवत असेल, त्या काळी कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं, त्यामुळं नंबर लावून आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबावं लागायचं.

आता डोळे मिटून चेतकवरचं कुटुंब आठवा. पुढं उभं राहिलेलं पोरगं, चालवणारा बाप, आणि मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, तिच्या मांडीवर तान्हं. गाडीचा बांधा बाईचा विचार करून केलेला, आणि बाई मागच्या सीटवर!

असं का झालं? एक कारण गाडीतच होतं. चेतकचं इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळं गाडीचा तोल जरासा उजवीकडं. शंभर किलोच्या वर वजन. थंडीत सुरू करायची तर आधी गाडी एका कुशीवर आडवी करायची, मग किकवर किक. डाव्या मुठीत क्लच दाबून तीच मूठ फिरवायची तेव्हा गेअर पडणार. हे काही बाईला जमणार नाही असं नाही. चाळीस लिटरचा दुधाचा कॅन उचलणारीला ते सहज जमतं. पण शिकायला गाडी हातात मिळाली पाहिजे ना! दहा वर्षं वाट बघून आलेली वस्तू घरात कुणी बाईच्या हातात देत नव्हतं. आणि कितीतरी घरांत ती स्कूटर, नाहीतर राजदूत, सुनेच्या माहेराहूनच आलेली असायची. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालीच झाला होता, तरी ‘जावयाला गाडी’ चालूच होती. बापानं रान गहाण टाकून दिलेल्या गाडीवर लेक मात्र आयुष्यभर डबलसीट.

कपड्याचं निमित्त तर बिलकूल सांगू नये. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा आहे, घोड्यावर बसलेला. आपल्या आज्यांच्या काष्ट्याच्या लुगड्यात टांग सहज टाकता यायची. आखूड पावलं टाकायला लावणारी गोल साडी नंतरची. आणि त्या साडीसाठीसुद्धा कायद्यात तरतूद आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जी जाळी असते, तो साडी गार्ड. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकलं पाहिजे, असं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. हल्ली पोरं रुबाबासाठी ती जाळी काढून टाकतात. तुमच्या घरातल्या गाडीची काढली असेल, तर आजच बसवून घ्या. पदर चाकात गेला की काय होतं हे सांगायला नको.

मोटारसायकलींचं खानदान वेगळं. आपल्याकडं तिला फटफटी म्हणायचे. बुलेट 1955 पासून मद्रासला बनू लागली, ती मुळात लष्कराला सरहद्दीवर गस्त घालायला हवी होती म्हणून. म्हैसूरची जावा 1961 ची, पुढं तीच येझदी झाली. राजदूत साठच्या दशकातली, खेडेगावाच्या रस्त्याला टिकणारी. या सगळ्यांची चाकं मोठी, टाकी मांड्यांच्या मधे, वजन भरपूर. डोळ्यापुढचा माणूस म्हणजे शिपाई, नाहीतर गडी. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली आणि मोटारसायकल हलकी झाली. तिच्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नव्हती आणि एका लिटरमध्ये ती जुन्या फटफट्यांपेक्षा कितीतरी लांब जायची. नोकरदार आणि शेतकरी दोघांनीही तिला घरात घेतलं.

आणि आता आपली लुना. आपली म्हणायचं कारण, ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला बनली, 1972 साली, कायनेटिक कंपनीत. चेतक आणि लुना एकाच वर्षाच्या, पण स्वभाव दोघींचे वेगळे. लुना म्हणजे इंजिन बसवलेली सायकलच. पायडल होतं. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायचं. गेअर नाही, क्लच नाही, आणि ज्याला सायकल येते त्याला लुना येते. ज्यांना रोज चार-पाच किलोमीटर जायचं आहे आणि ज्यांच्याकडं पैसा बेताचा आहे, अशांसाठी ती होती. शिक्षिका, नर्सबाई, कॉलेजच्या मुली पहिल्यांदा पुढच्या सीटवर दिसल्या त्या लुनावर. लोक हसले, तिला ‘बायकांची गाडी’ म्हणाले. म्हणू देत!

लुनाच्या मागून 1980 ला तामिळनाडूतून टीव्हीएस 50 आली, दोघांना बसता येईल अशी. तिची नात म्हणजे आजची एक्सएल. आणि बजाजची एम-80 आठवते का? आपल्या जिल्ह्यात 1963 ला गोकुळ दूध संघ सुरू झाला आणि गावोगाव दूध गोळा व्हायला लागलं. आधी डोक्यावरनं, मग सायकलवरनं, मग एम-80 च्या दोन्ही अंगांना कॅन लटकवून. दूध घालायला जाणारे गडी होते, पण धार काढणाऱ्या बायकाच होत्या.

शेवटची पायरी बटणाची. 1984 च्या सुमारास कायनेटिक होंडा आली. किक नको, गेअर नको, बटण दाबलं की सुरू. माझ्या मते बायकांच्या हाती गाडी यायला एवढं एक बटण दहा भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. मग स्कूटी, आणि 2000-01 ला ॲक्टिवा. बजाजनं 2009 च्या शेवटी स्कूटर बनवणं सोडायचं ठरवलं तेव्हा बिनगेअरच्या स्कूटरी रस्ताभर झाल्या होत्या.

आता अर्जातल्या ‘दुचाकी’ शब्दाकडं येऊ. जिचं काम दूध, वैरण, भाजीचं क्रेट असं आहे, आणि डेअरी किंवा बाजार सपाटीवर आठ-दहा किलोमीटरच्या आत आहे, तिनं एक्सएलसारखी मोपेड बघावी. वजन नव्वद किलोच्या आतबाहेर, पुढं मोकळी जागा आणि मागची सीट काढून ओझं ठेवता येतं. चाक स्कूटरपेक्षा मोठं, त्यामुळं रानवाटेच्या खड्ड्यात तेवढं आपटत नाही. दिसायला ऐटदार नाही हे खरं. पण दुधाचे दोन भरलेले कॅन म्हणजे ऐंशी किलोच्या वर ओझं होतं. ते स्कूटरच्या पायाजवळ एक आणि मागं एक असं कोंबून जाणाऱ्या ताया मी रोज बघते. हँडल वळत नाही, पाय बाहेर लोंबतात. गळीत हंगामात रस्त्यावर ट्रॉलीतून सांडलेला ऊस आणि चिखल असतो. त्यात छोट्या चाकाची, चुकीच्या ओझ्याची गाडी घसरायला वेळ लागत नाही.

जिला मुलीला शाळेत सोडायचं आहे, बँकेत जायचं आहे, डांबरी रस्ता आहे आणि साडी नेसूनच जायचं आहे, तिला बिनगेअरची स्कूटर चांगली. दास्कानिओनं ती तुमच्यासाठीच काढली आहे. पण शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडच्या मैत्रिणींनी एक ध्यानात ठेवावं. आंबा घाट, करूळ घाट उतरताना गेअरची गाडी खालच्या गेअरमध्ये टाकली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. बिनगेअरच्या स्कूटरला आणि मोपेडला तो आधार फार कमी, सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक तापतो आणि पकड सोडतो. ज्यांचं रोजचं जाणं-येणं घाटातलं आहे, त्यांनी सरळ हलकी, 100 सीसीची गेअरची मोटारसायकल शिकावी. आमच्या क्लस्टरमधल्या एक आशाताई अशीच चालवतात, पंजाबी ड्रेस घालून, पाड्यावस्त्यांवर. त्यांना कुणी आता वळून बघतही नाही.

बुलेटचा अर्ज आला, तर मी एकच प्रश्न विचारते, चालवणार कोण? जुनी असो वा नवी, भलतं जड जनावर आहे ते. ज्या ताईंना स्वतःला हवी आहे त्यांनी जरूर घ्यावी, मी टाळ्या वाजवीन. पण लेकाच्या हौसेचं कर्ज गटाच्या नावावर नको.

शोरूममध्ये विकणारा तुमच्याकडं न बघता मालकांशीच बोलेल, अॅव्हरेज आणि रंग सांगेल. तुम्ही तुमची तपासणी करा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? डबल स्टँडवर एकटीला लावता येते का? चढावर उभी करून मागं ढकलता येते का? आणि चालवून बघायची ती रोजच्या कपड्यात, मागं कुणालातरी बसवून.

लायसनही बघून काढा. बिनगेअरचं आणि गेअरचं लायसन वेगळं असतं. बिनगेअरच्या लायसनवर मोटारसायकल चालवली, तर ती विनालायसनच धरतात. आधी शिकाऊ लायसन, त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा. हेल्मेट घालूनच जा. आणि एक गोष्ट फार जणींना कुणी सांगत नाही. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण असतं. ते मिळतं गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला, आणि तेही त्याच्याकडं लायसन असेल तर. गाडी तुमच्या नावावर, लायसन नाही आणि चालवतो नवरा, असं असलं तर अपघाताच्या दिवशी त्या कलमाचा तुम्हालाही उपयोग नाही आणि त्यालाही नाही. हप्ता मात्र गटाला भरावाच लागतो. म्हणून आमच्या काही गटांनी आता ठराव केला आहे, की गाडीच्या अर्जाला कर्जदार ताईंच्या लायसनची झेरॉक्स जोडायची. शिकाऊ असलं तरी चालेल.

बॅटरीवरच्या गाड्यांबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं आहे. चेतक 2020 ला बॅटरीवर परत आली, आणि 2024 ला लुनाही, ई-लुना म्हणून. ती काढणाऱ्या कंपनीच्या प्रमुख सुलज्जा फिरोदिया मोटवानी आहेत, लुना काढणाऱ्या फिरोदियांच्याच घरातल्या. ओझं न्यायला ती सोयीची आहे. पण आधी दोन गोष्टी बघा. तुमच्या गावात रात्री सलग वीज किती तास असते, आणि बॅटरी बिघडली तर दुरुस्ती तालुक्याला होते की कोल्हापूरलाच जावं लागतं. या दोन्हींची उत्तरं शोरूमवाल्याला विचारू नका. ज्या ताईंनी वर्षभर चालवली आहे त्यांना विचारा, आणि उत्तर गटाच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या अर्जाला उपयोगी पडेल.