दहा हजारांत छप्पन

खुब्याचा सांधा बदलायचे ठरले की घरातली मंडळी डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात, "जिवाला धोका नाही ना?" डॉक्टर म्हणतात, "फार क्वचित." हे 'क्वचित' म्हणजे नेमके किती? आज त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. पण ते मिळायला सुमारे पन्नास वर्षे लागली. ही गोष्ट जितकी शस्त्रक्रियेची, तितकीच मोजणीचीही आहे.

उखळीचा सांधा आपण वर्गात शिकवतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासते आणि चालणे तर सोडाच, रात्रीची झोपही कठीण होते. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन इथे, एके काळी क्षयरोग्यांसाठी असलेल्या इस्पितळात, जॉन चार्नले (1911–1982) या शल्यविशारदाने यावर उपाय शोधला. सुमारे 22 मिलिमीटर व्यासाचा धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि दोन्ही हाडात पक्के बसवायला ॲक्रिलिक सिमेंट.

पहिली वाटी टेफ्लॉनची होती. 1958 पासून शेकडो रुग्णांत ती बसवली गेली. रुग्ण आनंदाने चालू लागले. पण तीन-चार वर्षांत वाट्या झिजल्या आणि झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊती सुजल्या. दोष टेफ्लॉनचा आहे का, हे पाहण्यासाठी चार्नले यांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. 1962 च्या अखेरीस पॉलिएथिलीनची वाटी आली आणि ती टिकली.

सांध्याचा प्रश्न सुटला, पण माणसाचा?

पहिला शत्रू होता जंतुसंसर्ग. सुरुवातीला शंभरातल्या सुमारे सात रुग्णांच्या सांध्यात पू होई. चार्नले यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचेची खोली उभारली, गाळलेली हवा वरून खाली सोडली आणि कपड्यांची पद्धत बदलली. हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले.

दुसरा शत्रू अधिक फसवा होता. रक्त नसांत का गोठते, याची तीन कारणे रुडॉल्फ विर्को यांच्या नावाशी जोडली जातात : प्रवाह मंदावणे, नसेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. खुब्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकत्र येतात. पाय पिरगाळला जातो, रक्त गमावले जाते, रुग्ण दिवसच्या दिवस पडून राहतो. पायात तयार झालेली गुठळी सुटून हृदयामार्गे फुफ्फुसात अडकली, तर टाके भरून आलेला, चालू लागलेला माणूस काही मिनिटांत दगावतो. रायटिंग्टनच्या जवळजवळ 8000 शस्त्रक्रियांचा हिशोब 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातला सुमारे एक रुग्ण अशा गुठळीने गेला होता.

याच सुमारास, 1975 मध्ये, लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळातले भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय काक्कर यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. निरनिराळ्या मोठ्या शस्त्रक्रियांचे 4121 रुग्ण घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका गटाला रक्त गोठू न देणारे हेपारिन अल्प प्रमाणात दिले, दुसऱ्याला नाही. फुफ्फुसातल्या गुठळीने दुसऱ्या गटातले 16 जण गेले, हेपारिनच्या गटातले 2.

आता अडचण पाहा. काळजी वाढली तसे मृत्यू घटले, आणि घटले तसे ते दिसेनासे झाले. वर्षाला शंभर खुबे बदलणारा सर्जन घेऊ. मृत्यूचे प्रमाण दहा हजारांत 56 असेल, तर पाच वर्षांत त्याचे सुमारे तीन रुग्ण जातील. ते 29 असेल, तर एखाद-दुसरा. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. शिवाय घरी गेल्यावर दोन महिन्यांनी वारलेल्या रुग्णाची बातमी सर्जनपर्यंत पोचेलच असे नाही. म्हणजे उत्तम, प्रामाणिक सर्जनलाही आपली पद्धत सुरक्षित आहे की नाही हे केवळ अनुभवावरून कळणार नाही.

यावरचा उपाय म्हणजे सर्वांनी मिळून ठेवलेली नोंदवही. स्वीडनने 1979 मध्ये खुब्यांची देशव्यापी नोंद सुरू केली, इंग्लंड व वेल्सने 2003 मध्ये. तिथल्या 2003 ते 2011 या काळातल्या 4,09,096 शस्त्रक्रियांची मृत्यूनोंदणीशी सांगड घालून 2013 मध्ये निष्कर्ष मांडले गेले. 90 दिवसांत 1743 रुग्ण दगावले होते. 2003 मध्ये हे प्रमाण 0.56 टक्के होते, 2011 मध्ये 0.29. दहा हजारांत 56 वरून 29.

चार गोष्टींशी कमी मृत्यू निगडित दिसले : मागच्या बाजूने सांध्यापर्यंत जाणे, पूर्ण भुलीऐवजी कण्यातून भूल देणे, हेपारिन, आणि पायातले रक्त हलते ठेवणारी यांत्रिक साधने. सांधा कोणत्या प्रकारचा बसवला, याचा मृत्यूशी संबंध आढळला नाही.

इथे आम्ही दोन इशारे देऊ. पहिला, नोंदवही म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. 'निगडित' म्हणजे 'कारण' असेलच असे नाही. दुसरा, हे आकडे झिजलेल्या सांध्यासाठी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचे आहेत. पडून खुबा मोडलेल्या वृद्धांना असणारा धोका कितीतरी पट अधिक असतो. त्यांना हे आकडे लावू नयेत.

हे सारे वर्गात करून पाहता येईल. दोन डब्यांत हजार-हजार मूग घ्या. एकात 6 उडीद मिसळा, दुसऱ्यात 3. डब्यांवर क आणि ख लिहा, पण कशात किती ते सांगू नका. साधारण शंभर दाणे मावतील असे औषधाच्या बाटलीचे झाकण घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता दोन्ही डब्यांतून एकेक झाकण भरून काढायचे, उडीद मोजायचे, दाणे परत टाकून डबा हलवायचा, आणि कोणत्या डब्यात उडीद जास्त ते कागदावर लिहायचे. अनेकांना काहीच सांगता येणार नाही, काही ठामपणे चुकीचे सांगतील. मग साऱ्या वर्गाचे आकडे फळ्यावर मांडून बेरीज करा. चाळीस मुलांचे आकडे एकत्र आले की उत्तर बहुधा आपोआप दिसू लागेल.

त्यानंतर मुलांना सांगा, की यातला प्रत्येक उडीद म्हणजे कुणाचे तरी आजी-आजोबा होते.